पहिला फोन कुणाला? पैसा आणि मुलं यांसाठीची फुकट सरकारी मदत, कोकणातल्या घरांसाठी

सरकारी मदत फुकट असते, पण तिला मुदत असते. खात्यातून पैसे गेले तर हातात मिनिटं असतात. बँकेला कळवायला तीन कामकाजाचे दिवस. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेकडे जाण्याआधी ३० दिवस. दुकानदाराविरुद्ध ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. जिथे मिनिटं मोजायची तिथे मुंबईचा मुलगा कामावरून सुटेपर्यंत वाट बघितली जाते, आणि जिथे निवांत कागद जमवायला दोन वर्षं आहेत तिथे दुकानात एकदा भांडून विषय संपवला जातो.

खाली आलेल्या कुठल्याही हेल्पलाइनला पैसे लागत नाहीत. सेतू केंद्रात किंवा सायबर कॅफेत टायपिंग-प्रिंटचे पैसे द्यावे लागतात ते वेगळे, त्याची पावती मागा. पण ‘तुमची फाइल पुढे सरकवतो, अमुक पाठवा’ असं कुणी फोनवर म्हणाला, तर तो सरकारचा माणूस नव्हे.

पैसे गेले: १९३०

१९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीचा देशभराचा नंबर. तुमची तक्रार तिथून थेट बँकांच्या यंत्रणेत जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथेच गोठवायचा प्रयत्न होतो. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, तासाभरात चार-पाच खात्यांतून फिरवून एटीएममधून काढतो. म्हणून घाई.

कित्येक वाड्यांत घरात रेंज नसते. पाखाडी चढून सड्यावर जावं लागत असेल, तर निघण्यापूर्वी एका कागदावर एवढं उतरवून घ्या:

१. आपल्या बँकेचं नाव, शाखा, खाते क्रमांक (कार्ड वापरलं गेलं असेल तर कार्डाचे शेवटचे चार आकडे).
२. प्रत्येक व्यवहाराची रक्कम, तारीख, वेळ. तीनदा पैसे गेले असतील तर तिन्ही वेगवेगळे.
३. यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला क्रमांक. यूपीआय अ‍ॅपच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर बोट ठेवलं की खाली दिसतो. तो १२ आकड्यांचा असतो, त्यात अक्षर नसतं. शेजारी अक्षराने सुरू होणारा लांबलचक ट्रान्झॅक्शन आयडी असतो. घाईत लोक तोच सांगतात आणि शोध लांबतो.
४. समोरच्याचा फोन नंबर, यूपीआय आयडी, जे दिसेल ते.

फोन झाला की पोच क्रमांक मिळतो. तेवढ्यावर थांबू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तोच क्रमांक टाकून २४ तासांच्या आत तक्रार पूर्ण करायची असते, नाहीतर ती अर्धवट राहते. १९३० लागतच नसेल तर थेट पोर्टलवर जा, नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे कारण तक्रार नाकारायला चालत नाही.

दरम्यान घरातल्या दुसऱ्या माणसाने बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद करावं. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिला दिसेल तो नंबर फिरवणं म्हणजे पहिल्या चोराकडून दुसऱ्याकडे जाणं.

चॅट, मेसेज, कॉलची नोंद पुसू नका. आणि ओटीपी स्वतः सांगितला असेल तर तो सांगितला असंच सांगा. लाजेपोटी लोक ‘आपोआप गेले’ म्हणतात. बँकेच्या नोंदीत ओटीपी कधी पडला ते दिसतंच, मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

बँक कधी बांधील असते? रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकाने घालून दिलेलं तत्त्व असं. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी घुसून पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान तुमचं. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंत गेलेले पैसे तुमचे गेले, पण कळवल्यानंतर गेले ते बँकेचे. म्हणजे चूक झाली असली तरी कळवण्याची वेळ पैशाएवढीच मोलाची. शाखेत अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. ‘साहेबांना सांगितलंय’ याला पुरावा म्हणत नाहीत.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर, माहितीसाठी १४४४८. वकील नको, फी नाही. आधी बँकेकडे लेखी न जाता थेट लोकपालाकडे गेलं तर तक्रार परत येते, आणि अनेकांची तशीच येते.

आपल्या भागात फसवणुकीचे प्रकार हंगामाप्रमाणे बदलतात. आंब्याच्या दिवसांत ‘दहा पेट्या हव्यात, अ‍ॅडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ असा बागायतदाराला फोन. सुट्ट्यांत तोच फोन होमस्टेवाल्याला. लक्षात ठेवायचं एवढंच: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही आणि समोरच्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन केला की पैसे जातात, येत नाहीत. बारमाही प्रकार म्हणजे ‘आज रात्री वीज तोडणार’ हा मेसेज, आणि लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. अशी फाइल उघडली गेली असेल तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका आणि १९३० दुसऱ्या फोनवरून लावा. आणखी एक. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला तर फोन ठेवून द्या. कायद्यात असा प्रकारच नाही.

ठेव ठेवण्याआधी

बँक आणि पतसंस्था यांतला फरक कोकणात अनेकांना बुडाल्यावरच कळतो. बँकेत, मग ती सहकारी का असेना, ठेवीला विमा असतो: एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख रुपये. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून. एकाच बँकेत तीन शाखांत अडीच-अडीच लाख ठेवले तरी विमा पाच लाखांचाच. पतसंस्थेला हा विमा लागू नाही, बाहेरच्या पाटीवर कितीही मोठी इमारत रंगवलेली असो.

पतसंस्था वाईटच असं नाही. वेळेला तीच उपयोगी पडते. पण ठेवण्याआधी शेवटच्या लेखापरीक्षणाचा वर्ग विचारा: अ, ब, क की ड. वार्षिक अहवालात तो छापलेला असतो. थकबाकीचा आकडाही तिथेच. विचारल्यावर चहा आला आणि अहवाल आला नाही, तर काय ते समजा. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकार खात्यात.

‘महिन्याला पाच टक्के’ देणारी योजना गावात आली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर त्या कंपनीचं नाव घालून बघा. कुणालाही ठेवी गोळा करता येत नाहीत, त्यासाठी परवानगी लागते. योजना आणणारा नात्यातला असतो, हेच तर तिचं भांडवल.

कर्ज देणारं अ‍ॅप तुमचे कॉन्टॅक्ट किंवा फोटो मागत असेल तर तिथेच थांबा. नियमाप्रमाणे त्याला ते घेता येत नाहीत. कर्जाआधी एकूण खर्च लिहिलेलं पत्रक, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, मिळायला हवं. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो.

वस्तू खराब, सेवा खराब: १९१५

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ मराठीत बोलते, सकाळी ८ ते रात्री ८. व्हॉट्सअ‍ॅप ८८००००१९१५. हे कोर्ट नव्हे. ते तुमची तक्रार कंपनीपुढे ठेवतात आणि उत्तर मागतात. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत रिफंड, बदली, दुरुस्ती अशी बरीच कामं इथेच होतात. गावातल्या एकट्या दुकानदारावर तेवढा जोर चालत नाही, तिथे पुढची पायरी गाठावी लागते.

ती पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. रत्नागिरीत, सिंधुदुर्गाचा ओरोसला, रायगडचा अलिबागला. आधी दुकानदाराला किंवा कंपनीला स्पीड पोस्टने पत्र: काय घेतलं, कधी, किती रुपयांना, काय बिघडलं, तुम्हाला काय हवं, १५ दिवसांत उत्तर द्या. पावती आणि पोच जपा. मग आयोगाकडे तक्रार, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. २०१९च्या कायद्याने एक मोठी सोय केली. कंपनी गुरुग्रामची असली तरी देवगडचा ग्राहक आपल्याच जिल्ह्यात तक्रार करू शकतो. ‘केस दिल्लीत करावी लागेल’ असं दुकानदार अजूनही ऐकवतात.

या सगळ्याचा पाया बिल. पावसाळ्यात थर्मल कागदावरचं बिल महिन्या-दोन महिन्यांत कोरं होतं. घेतल्या दिवशीच फोटो काढा आणि तो घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा.

आता स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडर. त्याच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या उभ्या पट्ट्या बघा. एका पट्टीवर टाकीचं रिकामं वजन असतं, समजा १५.३. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो. बेरीज २९.५ यायला हवी. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असायला हवा आणि तुम्ही सांगितलंत तर त्याने वजन करून दाखवायचं असतं. पैसे देण्याआधी, सही करण्याआधी. नंतर केलेल्या वजनाला कुणी विचारत नाही. दुसऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात, म्हणजे सी-२८ सारखं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-२८ म्हणजे त्या टाकीची पुढची चाचणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी दारातूनच परत करा. वास येत असेल तर १९०६, चोवीस तास.

छापील किमतीपेक्षा जास्त घेणं, ‘थंड करायचे दोन रुपये’ हे किनाऱ्यावरच्या टपऱ्यांचं आवडतं गणित, किंवा काट्यात मारणं, यासाठी वैधमापन विभाग. बाटलीचा फोटो, दुकानाच्या पाटीचा फोटो आणि शक्यतो यूपीआयने पैसे, म्हणजे किती दिले याची नोंद राहते.

जत्रेतलं खेळणं

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नुसतं चिन्ह बघून भागत नाही, ते कुणीही छापतं. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो (साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. बीआयएस केअर हे अ‍ॅप फुकट आहे. त्यात तो क्रमांक घातला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते येतं. नाव खोक्यावरच्या नावाशी जुळलं नाही तर खोटा. याच अ‍ॅपमध्ये दागिन्यावरचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांकही तपासता येतो. लग्नसराईत सोनाराच्या दुकानात उभ्या उभ्या हे करावं, सोनार रागावत नाही. रागावला तर दुसरा सोनार.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर चिन्ह दिसलं नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या सक्तीतून सूट आहे. तिथे आपले डोळे वापरायचे: रंग ओल्या फडक्याला लागतो का, कड टोचते का, चाक ओढून निघतं का.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी घरच्या घरी एक चाचणी आहे. खेळण्यांचे सुटे भाग तपासायला जे नळकांडं वापरतात त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. बागेच्या नळजोडणीतून उरलेला सव्वा इंची पाइपाचा तुकडा घ्या. जी वस्तू किंवा सुटा भाग त्यात अख्खा मावतो, तो बाळाच्या घशात अडकू शकतो. कैरीच्या बाठ्यापासून मण्यापर्यंत सगळं घालून बघा.

सगळ्यात वाईट वस्तू म्हणजे चपटा बटण सेल. आंगणेवाडीपासून कुणकेश्वरापर्यंत प्रत्येक जत्रेत लुकलुकणाऱ्या अंगठ्या, भोवरे, कंदील मिळतात आणि बहुतेकांत सेलचं झाकण नखाने उघडतं. झाकणाला स्क्रू नसेल तर घेऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. बाहेरून दिसते फक्त लाळ, खोकला, जेवणाला नकार. ‘पडेल शौचातून’ म्हणून केळं चारत थांबू नका, उलटीही काढू नका. १०८ ला फोन करा, एक्स-रे असलेल्या रुग्णालयात न्या आणि पोहोचल्याबरोबर ‘बटण सेल गिळलाय’ हे शब्द उच्चारा, नाहीतर रांगेत खोकल्याचं मूल म्हणून बसवतील. तसलाच दुसरा सेल घरात असेल तर तोही सोबत घ्या.

तान्ह्या बाळाला मध चाटवायची रीत अजून घरोघर आहे. वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातल्या जिवाणूंमुळे बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. सर्दीच्या औषधाच्या बाटलीवर ‘४ वर्षांखाली देऊ नये’ असं छापलेलं असेल तर ते खरोखर तेवढ्याचसाठी छापलेलं असतं. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला नको.

दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. आणि दहावीतल्या मुलाला गाडी देणाऱ्या पालकाला कायद्यात २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही.

मूल संकटात: १०९८

१०९८ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मूल स्वतःही लावू शकतं. मारहाण, हॉटेलात किंवा होडीवर कामाला लावलेलं पोर, ठरवलेला बालविवाह, स्टेशनवर एकटं सापडलेलं मूल, अत्याचार, सगळं इथे चालतं. गाव, तालुका, वाडी आणि ओळखीची खूण सांगा. स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. जीव धोक्यात असेल तर ११२.

लैंगिक अत्याचाराचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे घरच्यांच्याच हातून बिघडतं. मुलाने काही सांगितलं तर ऐकून घ्या, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, पण चार नातेवाइकांपुढे चारदा बोलायला लावू नका. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कोरड्या कागदी पिशवीत ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलावरचा असा गुन्हा पॉक्सो कायद्यात येतो (२०१२) आणि माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. त्यामुळे गावकीची बैठक बसवून, नारळ देऊन, माफी मागवून तो मिटत नाही. बैठकीत बसलेलेच अडचणीत येतात.

लोकांना भीती असते ती पोलीस ठाण्याची. कायदा म्हणतो: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. उपचार फुकट, खासगी रुग्णालयातही. नाव-गाव कुणी छापायचं नाही. यातलं काही होत नसेल तर जागेवरच बोलून दाखवा. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. तिथेच मनोधैर्य योजनेतल्या अर्थसाहाय्याबद्दल विचारा.

फोटोवरून ऑनलाइन धमकी आली तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. सायबरक्राइम पोर्टलवर महिला-बालकांच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते. मुलं हे लपवतात ते ‘फोन काढून घेतील’ म्हणून. तेवढा फोन काढून घेऊ नका.

मुलांच्या नावचे, आणि विसरलेले पैसे

लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडी ताईकडे. १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये. अर्जाला फी नाही.

सुकन्या समृद्धी पोस्टात किंवा बँकेत, मुलगी १० वर्षांची होण्याआधी. वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, १५ वर्षं भरायचे, खातं २१ वर्षांनी पुरं होतं. आपल्याकडे नात गावी आजीजवळ आणि आईबाप नालासोपाऱ्यात, म्हणून आजोबाच खातं उघडायला जातात. पालक म्हणून सही आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाचीच चालते. आजोबांनी आधीच उघडलेलं असेल तर पोस्टात जाऊन पालकाचं नाव बदलून घ्या.

आणि जुनी पासबुकं. दहा वर्षं हात न लागलेले पैसे बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण हक्क जात नाही. उद्गम पोर्टलवर मोबाइल नंबराने नोंदणी करून खातेदाराचं नाव, बँक आणि पॅन, मतदार कार्ड किंवा जन्मतारीख यांतलं एक काही घातलं की शोध लागतो. यातलं काहीच नसेल तर पत्ता. सगळ्या बँका त्यात नाहीत, राहिलेल्यांसाठी शाखेतच विचारावं लागतं. नाव एकदाच घालून सोडू नका. जुन्या खात्यात आडनाव असतं, कधी गावाचं नाव आडनाव म्हणून असतं, कधी स्पेलिंगच वेगळं. खातं सापडलं की पोर्टल एक क्रमांक देतं, तो घेऊन शाखेत जायचं. पुढे वारसांच्या सह्या लागतात, त्यामुळे हे काम गणपतीच्या आधी शोधून ठेवावं. सगळे भाऊ एका घरात सापडतात ते दिवस तेवढेच, आणि त्यातही बँकेला सुट्टी कधी आहे ते आधी बघून घ्या.